बांगडीखालची रेघ

लग्नासाठी मला पाहायला आले, त्या दिवशी मी एक मूर्खपणा केला. होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "हात दाखव पोरी," आणि मी दोन्ही हात उलटे करून पुढे धरले. इथपर्यंत ठीक होतं. त्यांनी माझा तळहात अंगठ्यानं दाबून पाहिला, नखानं टोकरून पाहिला आणि विचारलं, "हे काहून वो असं?" तेव्हा एकोणीस वर्षांची ती दीडशहाणी, म्हणजे मीच, मान खाली घालून म्हणाली, "काम करते ना मी. लहानपणापासून."

आईनं मागून माझ्या पाठीला चिमटा काढला. तो शाबासकीचा होता की गप्प बस म्हणून होता, हे मी तिला कधी विचारलं नाही.

काम! आमच्या घरात माझ्याइतकं बिनकामाचं कोणी नव्हतं. माझं माहेर मोहाडीच्या विणकरांच्या गल्लीतलं. घरात दोन माग. कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा, धागा फार मानी असतो. जरा खरखरीत बोट लागलं की अडकतो, ओढला की तुटतो. बहिणी रहाटावर बसून कांड्या भरायच्या आणि मी जवळ गेले की ओरडायच्या, "दूर हो, दूर हो, धाग्याले हात लावू नको!" माझे तळहात आणि तळपाय लहानपणापासूनच जाड. पिवळसर, मेणाचा थर चढवल्यासारखे, थंडीत भेगा पडून रक्त येणारे. वडिलांचे तसेच होते. वडिलांच्या आत्याचेही तसेच होते म्हणे. घरात त्याला कोणी आजार म्हणत नसे. 'बाबाचे हात' म्हणायचे. चार भावंडांत ते माझ्या एकटीच्या वाट्याला आले. त्या हातांमुळे वडील मागावर बसत नसत, लुगड्यांचं गाठोडं घेऊन बाजार करत. मुलीला बाजाराला कोण पाठवणार? तेव्हा मी कोपऱ्यात बसून शेजारच्या मास्तरांकडून आणलेली मासिकं वाचत असे. ही माझी लहानपणापासूनची मेहनत.

सासर आमच्याच समाजातलं, पण दोन पिढ्यांपूर्वी माग सोडून धानाच्या शेतीला लागलेलं, तुमसरकडचं. सासूबाईंना एकच धास्ती होती की विणकराच्या घरची पोरगी सावलीत वाढलेली असणार, चिखलात कशी उतरणार? माझे तळहात पाहिले आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर स्वतःचाच अभिमान वाटला.

"पाहा जी," त्या सासऱ्यांना म्हणाल्या, "मले वाटलं लोण्याचा गोळा असन. हे तं रोवण्याचे हात होत!"

लग्न तिथंच ठरलं.

त्यांना एक गोष्ट दिसली नाही. माझी जाड कातडी मनगटाशी जिथं संपते, तिथं रेघ ओढल्यासारखी कड आहे आणि त्या कडेला लालसर काठ. काम करून पडलेल्या घट्ट्याला अशी रेघ नसते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. गल्लीत घट्टे पडलेले हात काय कमी पाहिले होते? म्हणून तर त्या दिवशी मी दोन्ही हातांत डझन डझन बांगड्या चढवल्या होत्या आणि त्या ओढून ओढून बरोबर त्या रेघेवर आणून ठेवल्या होत्या. ती सवय आजही आहे. कोणी हाताकडे पाहिलं की माझा दुसरा हात आपोआप बांगड्या खाली ओढतो.

पहिल्याच पावसाळ्यात माझं सोंग उघडं पडायची वेळ आली. रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, बायकांच्या रांगेत मलाही बांधीत उतरवलं. गुडघाभर चिखल, हातात पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या जुड्या. दोन तासांत माझे तळपाय फुगले, पांढरेफटक पडले, ओल्या भाकरीसारखे. दुपारी भेगांतून अशी आग उठली की मी बांधावर बसून चक्क भोकाड पसरलं. बायका हसल्या. कामाचे हात म्हणून मिरवत आणलेली सून पहिल्याच दिवशी रडते म्हटल्यावर हसणारच की. मी मात्र तेवढ्यात डोकं चालवलं. डोळे पुसून म्हटलं, "माह्या हातची भाजी खाऊन पाहा एकदा, मंग सांगा मी चिखलात पाहिजे का चुलीपाशी." त्या दिवसापासून रोवणाऱ्या पंधरा-वीस बायकांचा स्वयंपाक माझ्याकडे आला आणि मी पुन्हा बांधीत उतरले नाही. तरी सासूबाई शेजारणींना सांगत राहिल्या, "हात पाहा इचे. कामाची आहे पोरगी." मी मान खाली घालून ऐकत असे. मान खाली घालणं मला छान जमायचं.

माझ्या नवऱ्यानं काय ते ओळखलं असावं. पण ते हसतमुख गृहस्थ होते. संध्याकाळी पाठ पुढे करायचे, "चालव तुझा हात, फणी कशाले पाहिजे?" आणि मी तळहातानं त्यांची पाठ खाजवून द्यायची. त्यापलीकडे त्यांनी कधी विचारलं नाही. आता ते नाहीत.

मुलगा झाला. दीड-दोन वर्षांचा होताना त्याचे तळवे पिवळे, जाड व्हायला लागले. एक दिवस अंगणात सासूबाई त्याला तेल लावत होत्या. त्यांनी त्याचा पाय हातात धरला आणि बराच वेळ पाहिला. दोन वर्षांच्या पोरानं कुठलं काम केलं असणार? मग त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं. माझा हात बांगड्यांवर गेला. त्या पायाला तेल चोळत राहिल्या. पण त्या दिवसापासून शेजारणींपुढे माझ्या हातांचं कौतुक त्यांनी बंद केलं, ते शेवटपर्यंत. टोमणा नाही, माहेरचा उद्धार नाही, नवऱ्याचे कान भरणं नाही. फक्त दर हिवाळ्यात त्या गावठी तूप वाटीत काढून माझ्या उशाशी ठेवायच्या. भेगांना लाव असंही म्हणायच्या नाहीत. वाटी ठेवायच्या आणि जायच्या.

तेव्हा मी मनात म्हणाले होते, म्हातारी फसली. आज वाटतं, काय गाढव होते मी.

मुलगा मोठा झाला, तुमसरच्या राईस मिलमध्ये लागला. त्याचे हात पाहून लोक म्हणतात, पोती उचलून झाले. तोही तसंच समजतो, कारण लहानपणी विचारलं तेव्हा मी त्याला सांगितलं होतं, "अनवाणी फिरतोस, म्हणून." माझ्याकडे अशी उत्तरं भरपूर होती. रेशनच्या दुकानात मशीन माझा अंगठा घेत नाही, तेव्हा दुकानदार म्हणतो, "आजी, आयुष्यभर लई राबल्या तुम्ही," आणि मागच्या रांगेतल्या बायका हळहळतात. मी तिथंही मान खाली घालते.

सून नाकाडोंगरीकडची. तिचं माहेर जंगलाला लागून. तिकडे उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुलं पडायला लागली की पहाटे उठून सगळं घर वेचायला जातं. सून पोटुशी होती तेव्हाही आठ दिवस माहेरी गेली होती आणि आईबरोबर वेचायलाही गेली होती. सांगताना तिचा चेहरा असा खुलायचा, की झाडाखाली पिवळा सडा कसा पडतो, वास कसा डोक्यात चढतो, आईची टोपली कशी भरते. ती मोकळी पोरगी. माझ्याशीही हसून खेळून असायची. मला म्हणायची, "आई, तुम्ही रोवणा गाजवला म्हनतात. मले तं चिखलाची किळस येते." मी म्हणायची, "होईल सवय." पाहा माझी हिंमत!

नात झाली. तिलाही तेच. दीड वर्षाची असताना तिच्या तळव्यांवर तो पिवळा थर दिसायला लागला. मी पहिल्या दिवशीच ओळखलं. मनात म्हटलं, आले बाबाचे हात.

त्या दुपारी ओसरीवर सून तिला मांडीवर घेऊन बसली होती. शेजारची एक बाई तांदूळ निवडत होती. सुनेनं पोरीचा पाय वर करून मला दाखवला.

"आई, पाहा ना, इचे तळवे असे काहून? पिवळे पडून राहिले. कडक लागतात हाताले."

शेजारणीनं सूप खाली ठेवलं आणि वाकून पाहिलं. "अगं माय! आपल्या मोठ्या माणसाईचे असतात तसे झाले वो." असं म्हणून ती माझ्याकडे वळली. तिची नजर माझ्या हातांकडे येतच होती, म्हणजे अजून आली नव्हती. आणि मी हात पदरात घेत म्हणाले, "पोटुशी असताना मोहफुलं वेचाले गेली होती ना तू? तापलेल्या भुईवर, बिनाचपलेची? ते पोटातल्या लेकराच्या तळव्याले लागलं."

असं काही नसतं. असा समज ना माझ्या माहेरी, ना सासरी, ना नाकाडोंगरीत. मी तो तिथंच, त्या क्षणी, सुपातले तांदूळ पाहत पाहत बनवला. शेजारणीनं मात्र गालाला हात लावला, "हो वो, भुईची आग असतेच तशी." पंधरा दिवसांनी दुसऱ्या गल्लीतली एक म्हातारी मला गंभीरपणे सांगत होती की पोटुशीनं मोहाखाली जाऊ नये, पूर्वीपासूनच सांगतात. माझंच खोटं फिरून, मोठं होऊन, मलाच शिकवायला आलं होतं. दुसऱ्या कुठल्या गोष्टीत असं झालं असतं तर मी पोट धरून हसले असते.

त्याच दिवशी संध्याकाळी सुनेनं आपल्या चपला धुतल्या, पुसल्या आणि फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवून दिल्या. "पोरीचे पाय नीट होतवर मी चप्पल घालनार नाही," म्हणाली. देवीजवळ तशी मानता, म्हणजे नवस, बोलून आली होती.

तेव्हा सांगता आलं असतं. मी काय म्हणाले? "पाहू मंग, करून पाहा." जसं काही मी वैद्य आणि तिनं औषध विचारलं होतं.

अडीच वर्षं ती अनवाणी फिरली. दळण, दुकान, अंगणवाडी, उन्हातलं शेत. मोहफुलांच्या मोसमात माहेरीही गेली नाही. तिची आई फोन करायची, "फुलं पडून राहिली वो, येत नाहीस का?" तर ही तुटक बोलायची. एकदा मी पडद्याआडून ऐकलं. "तूच बोलावलं होतं मले," ती आईला म्हणत होती. "तूच म्हटलं, चाल जरासं, मोकळी हवा लागन." पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. सुनेनं फोन ठेवला आणि कणीक मळायला बसली. मी पडद्याआडून बाहेर आले आणि कणकेत पाणी जास्त झालं म्हणून तिला बोल लावला. पाणी जास्त झालं नव्हतं.

गेल्या वर्षी अंगणवाडीच्या बाईनं सुनेला बोलावून घेतलं. पोरगी इतर मुलांबरोबर धावत नाही, भिंतीला धरून उभी राहते, पायाला भेगा आहेत, चामडीच्या डॉक्टरांना दाखवा, असं सांगितलं. मिलचा हंगाम, मुलाला सुटी नाही. तेव्हा सून, नात आणि मी, आम्ही तिघी भंडाऱ्याला गेलो. ऊन असं की बसस्टँडवरचं डांबर मऊ झालेलं. सून पोरीला कडेवर घेऊन त्यावरून चालत होती. चालत कसली, उड्या मारत होती. मी छत्री धरली होती. स्वतःवर.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत. त्यांनी पोरीचे हातपाय पाहिले, बोट फिरवलं, पोरीला गुदगुल्या करून हसवलं. मग त्यांचं लक्ष सुनेच्या पायांकडे गेलं. टाचा फुटलेल्या, तळवे जाड, काळवंडलेले, दोन ठिकाणी फोड.

"तुमचेही असेच आहेत का लहानपणापासून? पाय वर ठेवा बरं."

सुनेनं लाजत पाय वर ठेवला. त्यांनी नीट पाहिला आणि मान हलवली. "नाही. हे चालून चालून झालंय. बघा, याला कड नाही, जाडपणा हळूहळू विरत जातो. मुलीचं वेगळं आहे. ही बघा रेघ, इथं संपलं म्हणजे संपलं. आणि कडेला लाली. हे जन्मानं येतं, घराण्यातून. घरात अजून कोणाला आहे? वडिलांना, आजी-आजोबांना?"

माझे दोन्ही हात पदराखाली होते. बांगड्या वाजू नयेत म्हणून मी त्या एका मुठीत गच्च धरल्या होत्या.

"कोनाले नाही मॅडम," सून म्हणाली. "इच्या बाबाचे हात जाड आहेत, पन ते मिलच्या कामानं. अन् आईचे शेतीच्या कामानं. हे माह्या चुकीनं झालं. मी पोटुशी असताना तापल्या भुईवर गेली होती, मोहफुलं वेचाले."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी शेजारीच बसले होते. हातभर अंतरावर. सुनेनं माझ्याकडे मान वळवली असती तरी पुरे होतं. तिनं वळवली नाही.

"लोक म्हनतात," ती म्हणाली.

आणि मी? मी म्हणाले, "मॅडम, जरासं पानी भेटन का?"

मला पाणी मिळालं. गार होतं. त्यांनी सुनेला दोनतीनदा समजावलं की यात तुमची काही चूक नाही, भुईचा आणि फुलांचा काही संबंध नाही. हे पुरतं जात नाही, पण सांभाळता येतं, कोमट पाण्यात पाय भिजवायचे, मलम लावायचं, मऊ बूट घालायचे, कोणाला याची लागण होत नाही. मुलीच्या वडिलांना एकदा घेऊन या. सून हो हो म्हणत होती, पण तिचा विश्वास बसला नव्हता. डॉक्टरला काय माहीत, भुई किती तापली होती, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. माझा शब्द तिला डॉक्टरपेक्षा मोठा वाटत होता. एवढी पत मी आयुष्यात कुठं कमावली, आणि कशासाठी वापरली.

बसस्टँडवर गाडीला वेळ होता. मी म्हटलं, आलेच, आणि समोरच्या दुकानातून सुनेसाठी चपला घेऊन आले. नेहमीप्रमाणे सोपी वाट शोधत होते. चपला द्याव्यात, तिनं घालाव्यात आणि बोलण्याची वेळच येऊ नये. तिनं चपलांकडे पाहिलं.

"आई, मानता आहे ना माही. पोरीचे पाय कुठं नीट झाले अजून?"

"ते होनार नाहीत," मी म्हणाले. "तुह्या अनवानी चालन्यानं होनार नाहीत. पोरी, ते माहे पाय होत."

तिला कळलं नाही. मी बाकावर बसले. पदर बाजूला केला, बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि हात तिच्या मांडीवर ठेवले. आणि सगळं सांगितलं. बाबाचे हात, पाहायला आले तो दिवस, सासूबाईंनी पोराचा पाय पाहिला तो दिवस, आणि ओसरीवरची दुपार. बनवून सांगितलं, हेही सांगितलं. शेजारच्या बाकावरचा एक माणूस कान देऊन ऐकत होता. ऐकू दे म्हटलं.

सुनेनं माझं मनगट धरलं. त्या रेघेवरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग झोपलेल्या पोरीचं मनगट उचलून त्याच्याशेजारी ठेवलं. तीच रेघ, लहान. मी शिव्यांची वाट पाहत होते. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं चपला ओढून घेतल्या, पायांत घातल्या आणि पोरीला उचलून गाडीकडे चालायला लागली. मी माप अंदाजानं आणलं होतं, एक माप मोठं. फटाक फटाक आवाज करत ती पुढे आणि मी छत्री मिटून मागे. गाडीत तिनं मला खिडकीची जागा दिली. नेहमीसारखी.

त्यानंतर घरात सगळं नीट चाललं, आणि तेच मला सहन होत नव्हतं. मुलगा डॉक्टरीणबाईंना हात दाखवून आला. येऊन माझ्याकडे नुसता पाहत राहिला, मग म्हणाला, "आई, तू मले चप्पल घाल म्हनून किती मारलं होतं." एवढंच. पोरीला मऊ बूट आले, ती धावायला लागली, पडायला लागली. रोज संध्याकाळी सून घमेल्यात कोमट पाणी ठेवते आणि पोरीचे पाय बुडवते. एक दिवस तिनं पाट आणखी एक मांडला, माझ्याकडे न पाहता. तेव्हापासून माझेही पाय त्याच घमेल्यात. पोरगी पाण्याखाली माझ्या अंगठ्याला अंगठा लावते आणि खिदळते. सून मला वेळेवर चहा देते, औषध देते, ताटात गरम भात वाढते. त्या दुपारबद्दल, मोहफुलांबद्दल अवाक्षर नाही. मी दोनदा विषय काढला, दोनदा ती उठून गेली. सासूबाईंची तुपाची वाटी आठवायची. पण सासूबाईंनी मला माफ केलं होतं की नाही, हे तरी मला कुठं माहीत होतं?

यंदा ऊन तापायला लागलं. एका सकाळी सून पिशवी भरत होती. दोन लुगडी, एक जुनी टोपली, आणि वर त्या एक माप मोठ्या चपला. मी दारात उभी राहिले. विचारायची हिंमत होईना, म्हणून नुसतीच उभी राहिले. तिनं पिशवीची गाठ मारली आणि दहा महिन्यांत पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत पाहून बोलली.

"आई, मी आठ दिवस मायपाशी चालली, फुलं वेचाले. पोरीले तुमच्यापाशी ठेवून जाते. रोज दोघी पाय भिजवजा. अन् तिनं विचारलं का आजी, हे पाय कोनाचे, तं बांगड्या वर करून सांगजा. मी नाही सांगनार."